‘शंभर अधिक वय’ हे गणित आता सोडून द्या

‘शंभर अधिक वय एवढं वरचं बीपी चालतं’ असं अजूनही बरेच जण सांगतात; म्हणजे साठीत १६० चालेल. हा जुना हिशोब आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. वयाबरोबर बीपी वाढताना दिसतं हे खरं, पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.

गंमत खालच्या आकड्यात आहे. वरचा आकडा (हृदय आकुंचन पावतानाचा दाब) म्हातारपणापर्यंत चढत राहतो. खालचा (हृदय सैल पडतानाचा) मात्र साधारण पन्नाशी-पंचावन्नपर्यंत वाढतो आणि मग उतरायला लागतो. कारण मोठ्या धमन्यांची लवचीकता जाते. जुना रबरी पाइप कडक होतो ना, तसंच. माझ्या आईचं सत्तरीत १५८/७० यायचं, आणि ‘खालचं छान आहे की’ म्हणून आम्ही निवांत! दोन आकड्यांतलं ते मोठं अंतर हीच धोक्याची खूण होती, हे फार उशिरा कळलं.

बायकांना बीपीचा त्रास कमी, हेही अर्धसत्य. तरुणपणी पुरुषांचं सरासरी बीपी जास्त असतं खरं, पण पाळी गेल्यावर बायकांचं भराभर वाढतं आणि साठी-पासष्टीनंतर बऱ्याचदा पुरुषांच्या पुढे जातं. इस्ट्रोजेन (बायकांच्या शरीरातलं एक संप्रेरक) कमी होणं हे त्यामागचं एक कारण, एकमेव नव्हे. शिवाय गरोदरपणात बीपी वाढलेलं असेल, तर पुढेही नियमित मोजत राहावं. बाळंतपणानंतर ते सगळेच विसरतात, डॉक्टरसुद्धा.