डॉसबॉक्समध्ये बंदुकांचे आवाज येतात, संगीत मात्र गायब

दादरकर_९६
नमस्कार मंडळी. विंडोज १० वर डॉसबॉक्स (जुने डॉस गेम चालवणारा प्रोग्रॅम) ०.७४-३ आहे. क्वेक या गेमच्या मूळ सीडीची आयएसओ (डिस्कची फाइलमधली नक्कल, म्हणजे इमेज) करून ती माउंट केली, म्हणजे डॉसबॉक्सला सीडी म्हणून जोडली. बंदुका, राक्षस सगळं ऐकू येतं, पार्श्वसंगीत अजिबात नाही. दुसऱ्या एका जुन्या साहसी गेमचं मिडी संगीत (कोणतं वाद्य कोणता सूर वाजवेल याच्या सूचनांवर चालणारं) वाजतं, पण वाद्यं भलतीच लागतात. सेटअपमध्ये रोलँड एमटी-३२ हे जुनं ध्वनियंत्र निवडलंय. दोन्हींचं कारण एकच असेल का?

लॅमिंग्टन_रोड
नाही, दुखणी दोन आहेत. आधी क्वेक.

या गेमचे आवाज डेटा फाइलींतून साउंड ब्लास्टर या साउंड कार्डकडे जातात. संगीत मात्र गाण्यांच्या सीडीसारखं डिस्कवरच असतं: ट्रॅक १ डेटाचा, २ ते ११ संगीताचे. आयएसओमध्ये फक्त डेटाचा ट्रॅक येतो, म्हणजे संगीत तुमच्या इमेजमध्ये आलेलंच नाही. सेटिंग कितीही बदला, वाजणार नाही.

इमेज पुन्हा करा. इमबर्न या प्रोग्रॅममध्ये डिस्कवरून इमेज बनवायचा पर्याय घ्या; ऑडिओ ट्रॅक दिसले की तो आपणहून बिन (डिस्कवरचा सगळा मजकूर) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशा दोन फाइली करतो. वाचायचा वेग ८एक्स ठेवा. झाल्यावर क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडून ट्रॅक ०२ पासून पुढे 'ऑडिओ' लिहिलंय ना ते बघा. एकच ट्रॅक दिसला तर तुमच्या आवृत्तीच्या डिस्कवर संगीतच नाही.

मग आधीचा डी ड्राइव्ह काढून गेम सुरू करण्याआधी ही आज्ञा द्या, अर्थात रोमन अक्षरांत:
आयएमजीमाउंट डी सी:\गेम\क्वेक.क्यू -टी आयएसओ

शेवटी 'आयएसओ' बघून गोंधळू नका, क्यू फाइलसाठीही तेच लिहायचं. बिन फाइल थेट देऊ नका, कारण ट्रॅक कुठे सुरू होतो ते फक्त क्यूला माहीत असतं. गेममध्ये कन्सोल (आज्ञा टाइप करायची जागा) उघडून 'सीडी प्ले ४' टाका. वाजलं की काम झालं. न वाजल्यास 'बीजीएमव्हॉल्यूम' (संगीताचा आवाज) शून्यावर नाही ना ते पाहा.

मिडीवाला_ठाणे
दुसऱ्या गेमचं मी सांगतो. एमटी-३२ १९८७ची, जनरल मिडी हे मानक १९९१चं. दोघांचे वाद्यांचे क्रमांक जुळत नाहीत. शिवाय एमटी-३२ साठी लिहिलेले बरेच गेम सुरुवातीलाच स्वतःचे ध्वनी त्या यंत्रात भरतात. विंडोजच्या अंगच्या सिंथला (मिडी वाजवणाऱ्या भागाला) ते कळत नाहीत, म्हणून गेमने मागितलेल्या क्रमांकावर जे वाद्य असेल ते वाजतं.

सेटअपमध्ये जनरल मिडीचा पर्याय असेल तर तोच घ्या. सोबत व्हर्च्युअलमिडीसिंथ हा प्रोग्रॅम आणि एखादा चांगला साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) टाका, फरक लगेच कळेल. डॉसबॉक्सच्या प्रॉम्प्टवर 'मिक्सर /लिस्टमिडी' दिलं की उपकरणांची यादी येते. त्यातला क्रमांक कॉन्फिग फाइलमध्ये 'मिडीकॉन्फिग' समोर लिहा. फक्त एमटी-३२ चाच पर्याय असेल तर मंट हा एम्युलेटर (त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लागेल, आणि त्याला मूळ यंत्रातल्या रॉम (चिपमधला मजकूर) लागतात. त्या नसतील तर सरळ ॲडलिब (एफएम पद्धतीने सूर तयार करणारं जुनं साउंड कार्ड) निवडा. चुकीच्या वाद्यांपेक्षा नीट वाजणारं एफएम केव्हाही बरं.

गिरगाव_बिट्स
इमेज करताना संगीतात टकटक आली तर डिस्क बघा. डेटाच्या सेक्टरमध्ये (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांत) चूक दुरुस्त करणारा एक जादा थर असतो, ऑडिओत तो नसतो. म्हणून गेम सुरळीत चालतो आणि गाणी तेवढी तुटतात. त्यात सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे संगीत बाहेरच्या भागात, जिथे बोटं जास्त लागतात.

आपल्याकडच्या पावसाळी हवेत डाग धरतातच. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग बराच भाग खातो. छापील बाजू तर अजिबात घासू नका, चकाकणारा थर तिच्या लगेच खाली असतो.

दादरकर_९६
बिन-क्यू झाली, नोटपॅडमध्ये ११ ट्रॅक दिसतात. पण डॉसबॉक्स म्हणतो इमेज उघडता येत नाही. फाइली पेन ड्राइव्हवरून 'जुने गेम' या फोल्डरमध्ये आणल्यात.

लॅमिंग्टन_रोड
क्यूची पहिली ओळ वाचा. तिथे अवतरणात बिन फाइलचं नाव असतं. जुना पूर्ण पत्ता असेल किंवा फाइलचं नाव नंतर बदललं असेल, तर त्या ओळीत फक्त आताचं नाव ठेवा. दोन्ही फाइली सी:\गेम मध्ये हलवा. फोल्डरच्या नावात देवनागरी किंवा मोकळी जागा नको.