स्पूलच्या बेअरिंगला ग्रीस नको
मासेमारीच्या रीलचं बेअरिंग रॉकेलमध्ये धुवून मग ग्रीस भरा, असं या चर्चेत एका भाऊंनी सांगितलंय. धुण्याचं पटलं, ग्रीसचं नाही. ग्रीस गिअरला. बेटकास्टर म्हणजे गळ फेकताना ज्याचा स्पूल (दोरी गुंडाळलेली चकरी) स्वतः फिरतो ती रील. तिच्या स्पूल बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं की स्पूल जड फिरतो आणि फेक कमी पडते; तिथे पातळ तेलाचा एक थेंब पुरे. रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो, म्हणून शेवटचं धुणं आयसोप्रोपिल अल्कोहोलने करा. आणि वाळवताना कॉम्प्रेसरची हवा मारून कोरडं बेअरिंग गरागरा फिरवू नका, आतले छर्रे खरवडतात.

एक गोष्ट मात्र अजून कोणी लिहिली नाही. हँडल उलटं फिरू न देणारं वन-वे बेअरिंग वेगळं असतं. त्यात छर्रे नाहीत, बारीक रोलर असतात. त्यात ग्रीस शिरलं की ते घसरतात आणि नेमका मोठा मासा ओढायला लागला की हँडल उलटं सुटतं. गिरणा नदीवर एका मित्राचा चांगला रोहू असाच गेला. हे बेअरिंग पुसून जवळपास कोरडंच ठेवा. हतनूर धरणावर जाणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तिथला बारीक गाळ चिकट ग्रीसला धरून बसतो.