हार्ड डिस्कचा भाव पडायचा थांबलाय का?

टीबीवाला:
१९८० च्या सीगेट एसटी-५०६ मध्ये ५ एमबी मावायचे, किंमत १,५०० डॉलरच्या घरात. २००७ मध्ये हिताचीची पहिली १ टीबी डिस्क ३९९ डॉलरला आली. जीबीमागे ३ लाख डॉलरवरून ४० सेंट! मग पुढे हा वेग का मंदावला? आणि ४ टीबीची डिस्क १ टीबीच्या चौपट महाग का नसते? घरच्या नाससाठी (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी साठवणपेटी) ४ डिस्क घ्यायच्यात.

चुंबकसूची:
भाव पडला तो तबकडी (आत फिरणारी चुंबकीय चकती) स्वस्त झाली म्हणून नाही, तेवढ्याच जागेत बिट दाटीनं बसू लागले म्हणून. १९५६ च्या आयबीएम ३५० मध्ये २४ इंची ५० तबकड्या होत्या, आणि सगळ्या मिळून ४ एमबीसुद्धा भरत नव्हते.

पण चुंबकाचा कण फारच लहान केला की साध्या खोलीच्या उष्णतेनंही त्याची दिशा उलटते, म्हणजे लिहिलेलं आपोआप पुसतं. त्यावर २००५ पासून बिट उभे लिहायला लागले. २०१३ मध्ये डिस्कच्या आत हेलियम भरला. हवेपेक्षा विरळ असल्यानं पातळ तबकड्या फडफडत नाहीत, म्हणून एका डबीत ७ बसल्या. गोम इथेच आहे: तबकडी वाढली की दोन हेडही (वाचणारी-लिहिणारी टोकं, प्रत्येक बाजूला एक) वाढतात. दाटी वाढवणं जवळपास फुकट होतं, तबकड्या वाढवणं नाही. आता लेसरनं क्षणभर तापवून लिहितात, पण ते हेड महाग.

शिवाय २०११ च्या थायलंडमधल्या पुरात कारखाने बुडाले आणि भाव जवळपास दुप्पट झाले. खाली यायला बराच काळ गेला.

सोल्डरगन:
चौपटीचं कारण साधं आहे. मोटर, सर्किट बोर्ड, डबी, किमान एक तबकडी हे सगळं १ टीबीलाही लागतंच. त्यामुळे छोटी डिस्क एका पातळीखाली उतरत नाही. किमतीला टीबीनं भागून बघा, सर्वांत स्वस्त सहसा मधल्या-मोठ्या आकारात सापडते.

मात्र फार स्वस्त दिसली तर ती एसएमआर प्रकारची आहे का ते डेटाशीटवर तपासा. तिचे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. एक बदलायचा तर पुढचा अख्खा पट्टा परत लिहावा लागतो. नुसत्या बॅकअपला चालेल. पण रेडमध्ये (एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं) रीबिल्ड, म्हणजे बदललेली डिस्क बाकीच्यांवरून परत भरणं, सुरू झाला की तात्पुरतं लिहायचा कॅशचा भाग भरतो, वेग कोसळतो आणि रेड सांभाळणारा कंट्रोलर चांगली डिस्कसुद्धा मेली समजून बाहेर काढतो. नासला सीएमआरच, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढलेली.

चुंबकसूची:
रेड ५ नको, त्यात एकच डिस्क गेलेली चालते. समजा चारातली एक गेली: ८ टीबीची नवी डिस्क १८० एमबी प्रतिसेकंद वेगानं भरायला १२ तासांवर लागतात, तेही नासला दुसरं काम नसेल तर. तेवढ्यात उरलेल्या तिघींमधून २४ टीबी वाचावे लागतात, आणि घरगुती डिस्कच्या डेटाशीटवर साधारण १२.५ टीबीमागे एक न वाचता येणारी चूक धरलेली असते. प्रत्यक्षात डिस्क सहसा त्याहून बऱ्या निघतात, पण त्या भरवशावर राहू नये. रेड ६ घ्या, त्यात दोन गेल्या तरी डेटा वाचतो.

टीबीवाला:
ठीक, ८ टीबीच्या ४ सीएमआर, रेड ६. दोन डिस्कची जागा सुरक्षेत जाणार, म्हणजे हाती १६ टीबी.

सोल्डरगन:
विंडोजमध्ये १४.५ दिसतील. कंपनी १००० नं मोजते, विंडोज १०२४ नं. दुकानदाराशी भांडू नका.