मदत हवी आहे: बीएस्सी केमिस्ट्री झालंय, लोट्यातच केमिस्टची नोकरी कशी मिळेल?

चाफा_खेड
घर खेड तालुक्यातल्या (जि. रत्नागिरी) लोटे एमआयडीसीपासून जवळच. बहुतेक सगळ्या कंपन्यांत बायोडेटा देऊन झाला, एकाही ठिकाणाहून फोन नाही. गेटवरचा सिक्युरिटीवाला रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो आणि बायोडेटा टेबलाखालच्या खोक्यात टाकतो. एका गेटवर त्या खोक्यातले जुने कागद पावसाने भिजून एकमेकांना चिकटलेले पाहिले. क्यूसीत (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) बाहेरून आलेली मुलं आहेत, आम्हाला पॅकिंगला येता का विचारतात. पुण्या-मुंबईला जा असं कृपया सांगू नका, ते शक्य नाही. लवकर सांगा.

जुनाजाणता
पास कधी झालीस? पॅकिंगचं कोण विचारतं, कंपनी की ठेकेदार? डिग्रीनंतर कुठे काम केलंस का? एवढं तरी लिही, मग सांगता येईल.

सडेतोड
सरळ हक्क मागा. राज्याच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक घ्यायचे असा नियम आहे. गावातल्या सगळ्या पदवीधरांनी मिळून निवेदन द्या.

अनुस्वार
सडेतोड, त्या नियमात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला. जळगावचा मुलगाही त्यात बसतो. खेडच्या मुलीला त्याचा उपयोग काय?

सडेतोड
पर्यवेक्षकाच्या पदांना ५० टक्क्यांची अट आहे, तीही कोण तपासतं? विचारल्याशिवाय काही हलत नाही.

अनुस्वार
विचारा की. पण तिला नोकरी या वर्षी हवी आहे.

काजूगर
नोकरीच कशाला? मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून काजू प्रक्रियेचं युनिट टाका. जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज करायचा, अनुदान १५ ते ३५ टक्के मिळतं. माझं युनिट त्यातूनच उभं राहिलं.

चाफा_खेड
काजूगर दादा, मला धंदा करायचा नाही, लॅबमध्ये काम करायचं आहे. २०२४ ला पास, फर्स्ट क्लास. नंतर मेडिकलच्या दुकानात सहाएक महिने होते. पॅकिंगचं ठेकेदाराच्या माणसाने विचारलं. आणि आमच्याकडे गाडी नाही. पहिली एसटी पोचते तोवर सातची शिफ्ट सुरू झालेली असते.

जुनाजाणता
गाडीचं आत्ता सांगतेस! तीच तर मुख्य अडचण आहे.
गेटवर बायोडेटा देणं थांबव. नॅट्सच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) योजनेच्या, पोर्टलवर नोंदणी कर. ती आता इंजिनिअरांपुरती राहिलेली नाही, बीएस्सीही चालतं. वर्षभराचा अनुभव झाला असता तर अडलं असतं, तुझं तसं नाही. ठेक्यावरचे धरून ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९००० विद्यावेतन ठरलं, त्यातलं निम्मं सरकार भरतं. एचआरला हे माहीत असतं, पण आपणहून कोणी बोलत नाही. ‘नोकरी आहे का’ असं विचारू नकोस, ‘अप्रेंटिसच्या जागा भरल्यात का’ असं विचार.

रोखठोक
अप्रेंटिस म्हणजे वर्षभर राबवून घेतात आणि नंतर नारळ देतात. माझ्या भावाचं तेच झालं. त्यापेक्षा मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण बरं, पदवीधराला महिना १००००.

जुनाजाणता
तिथे तरी कायम कुठे करतात? अप्रेंटिसचं प्रमाणपत्र निदान पुढच्या मुलाखतीत दाखवता येतं.

मुक्ता_क्यूसी
मी क्यूसीत बरीच वर्षं आहे, मुलाखतीही घेते. ताई, बायोडेट्यात ‘बीएस्सी, फर्स्ट क्लास’ एवढंच असेल तर तो बाजूला पडतो. कॉलेजात टायट्रेशन केलंस ना? मग काय काय केलंस ते लिही. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र) कॉलेजात क्वचितच हाताळायला मिळतं, बाहेरून आलेली मुलं ते शिकून आलेली असतात. फरक तेवढाच आहे, आणि तो भरून निघतो.
रात्रपाळीचं एचआर हमखास विचारेल. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आत बाईची संमती लागते, सुरक्षिततेची आणि ने-आणीची सोय कंपनीने करायची असते. हे तू आधी विचार. आणि ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या, लॅबकडेही बघ, तिकडे अर्ज कमी येतात.

खाडीकाठ
ईटीपी कसली! दाभोळच्या खाडीत मासे मरतात, आमच्या लोकांचा धंदा बसला. अशा ठिकाणी काम कशाला मागता?

चाफा_खेड
माझे मामा त्याच खाडीवर मासेमारी करतात. पाणी कंपनीबाहेर जाण्याआधी ते तपासायला केमिस्टच लागतो ना? तो इथला असला तर बिघडलं कुठे?
मुक्ताताई, ईटीपीला जनरल शिफ्ट असते का? नऊची असेल तर माझी एसटी जमते.

मुक्ता_क्यूसी
लॅबला बहुतेक ठिकाणी असते, ऑपरेटर मात्र तिन्ही शिफ्टला. जाण्याआधी सीओडी आणि बीओडी (सांडपाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते ते मोजायच्या चाचण्या) पक्कं कर. सीओडीला डायजेशन (रसायनं घालून नमुना तापवणं) १५० अंशांना दोन तास, बीओडीला आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस. क्लोराइड जास्त असलं तर सीओडी खोटा वाढतो, म्हणून मर्क्युरिक सल्फेट घालतात. ‘का घालतात’ हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते आणि बरेच जण गप्प बसतात. सुधारलेला बायोडेटा मला व्यनि (खासगी निरोप) कर, बघून देते.

चाफा_खेड
आज रात्रीच करते. नॅट्सवर नाव भरायला घेतलंय, फोटोची साइज घेत नाहीये.

रोखठोक
बीएस्सीला जोडीला फिजिक्स, मॅथ्स होतं का? रिफायनरीवाले अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट या ट्रेडला बीएस्सीवाले अप्रेंटिस घेतात. गाव सोडायची तयारी असेल तर सांग.