प्रतिसाद: ओळी मोजू नका, दर कुठे साठवलाय ते बघा

बिलं एक्सेलमध्ये ठेवावीत की डेटाबेसवर न्यावीत, या चर्चेत ‘शीटच्या १०,४८,५७६ ओळी संपेपर्यंत एक्सेल पुरतं’ हे वर आलंय, ते पटत नाही. बिलिंग त्याच्या कितीतरी आधी फसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. दर व्हीलुकअपने (दुसऱ्या तक्त्यातून माहिती शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र) आयटम मास्टरमधून, म्हणजे मालाच्या मूळ यादीतून, येत असेल, तर तिथे १८ टाकताच ऑगस्टची बिलंही १८ ने मोजली जातात आणि भरलेल्या रिटर्नशी ताळा बसत नाही. बिल झाल्यावर पेस्ट स्पेशलने सूत्रांच्या जागी नुसते आकडे (व्हॅल्यूज) ठेवता येतात, पण ते रोज आठवणीने करणार कोण?

मायएसक्यूएल या डेटाबेसवर गेलात तरी हे आपोआप सुटत नाही. नुसता जॉइन लावून (टेबलं जोडून) दर मास्टरमधून घेतला की तीच गत. बिलाच्या तपशिलाच्या टेबलात भाव, कराचा दर आणि एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा वर्गीकरण कोड) त्या दिवशीचे कॉपी करून ठेवा. मास्टर फक्त नव्या बिलासाठी.