कोराडीच्या पोट्ट्यांनी सौदी अरेबियाची बाजू काहून मांडायची?

खामल्याची मास्तरीण

गेल्या शनिवारी आमच्या नागपूरच्या कॉलेजात नेहमीच्या वादविवाद स्पर्धेला फाटा देऊन आम्ही हवामान परिषद भरवली. म्हणजे दरवर्षी नोव्हेंबरच्या आसपास जगभरचे देश जमून जी कॉप भरवतात तिची घरगुती आवृत्ती. तेवीस पोरं, चौदा देश, चिठ्ठ्या टाकून वाटलेले. खापरखेड्याच्या एका मुलाला तुवालू आला. समुद्र वाढला की बुडायची भीती असलेला पॅसिफिकमधला हा एवढासा बेटांचा देश पहिल्यांदा नकाशात शोधावा लागला. औष्णिक वीजकेंद्राच्या कोराडीहून येणाऱ्या दोघांना तेलवाला सौदी अरेबिया आला आणि त्यांचे चेहरे पडले. सावनेरहून एस.टी.ने येणाऱ्या मुलीला चिठ्ठीत भारतच निघाला.

मसुद्यात एकच वाक्य होतं, पडद्यावर लावलेलं: ‘सर्व देश कोळशाचा वापर [बंद करतील] [कमी करतील] [कमी करण्याचा प्रयत्न करतील]’. खऱ्या वाटाघाटींत ज्या शब्दांवर एकमत नसतं ते असेच चौकोनी कंसात ठेवतात. कंस सुटले की मसुदा पुढे सरकतो. आमचा एक कंस सुटायला पावणेदोन तास लागले. पोहे गार झाले, तर्रीवर साय आली, कोणी उठलं नाही.

त्यात मराठीनेच गंमत केली. 2015 च्या पॅरिस करारात शेवटच्या घटकेला विकसित देशांच्या कलमातला ‘शॅल’ काढून ‘शुड’ घातला होता. बंधनकारक शब्द राहिला असता तर अमेरिकेला करार सिनेटपुढे न्यावा लागला असता, म्हणून टंकलेखनाची दुरुस्ती असल्यासारखा तो बदल वाचून दाखवला गेला. मी पोरांना म्हटलं, हे मराठीत करा. ‘शॅल’ला ‘करतील’, ‘शुड’ला ‘करावे’. तर एक मुलगा म्हणतो, मॅडम, जी.आर.मध्ये ‘कार्यवाही करावी’ म्हणजे तर हुकूमच असतो! खरंच की. शेवटी ‘करणे अपेक्षित आहे’ यावर आलो, आणि तुवालू भडकला. कारण आपल्याकडे जे ‘अपेक्षित’ असतं ते कधी होत नाही, हे त्याला घरूनच ठाऊक.

स्टाफरूममध्ये मात्र सूर असा की पोरांना असल्या आंतरराष्ट्रीय गोष्टींत कशाला गुंतवता, परीक्षा तोंडावर आहे. माझं म्हणणं असं: या वाटाघाटी समजून घ्यायच्या तर दुसऱ्याची खुर्ची घेऊन भांडण्याइतका चांगला रस्ता नाही. तुम्हाला काय वाटतं?

तर्रीपोहे

मॅडम, पोह्यांबद्दल सहानुभूती. बाकी फॅन्सी ड्रेस.

मार्च 2023 मध्ये जी-ट्वेंटीच्या निमित्तानं नागरी संघटनांची बैठक नागपुरात झाली तेव्हा भिंती रंगल्या, झाडांना लाइटिंग झालं. मग मे महिन्यात कोराडीला 660 मेगावॅटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी होती. आपल्या गावचा खराखुरा मसुदा होता तो, खऱ्या हरकती, कागदावर नोंद. गावातले आपले किती वादपटू तिथं माइकसमोर उभे राहिले? त्याच वर्षी 23 सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, लोकांच्या गाड्या नागनदीच्या कडेनं तरंगून राहिल्या होत्या. त्या चिखलात तुवालू शोधायला नकाशा लागत नव्हता.

पोट्ट्यांना जगाच्या गोष्टी सांगणं सोपं असते. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी हरकत कशी द्यायची हे शिकवा ना. ते काहून नाही शिकवत?

जुना शिफ्टवाला

मी औष्णिक केंद्रात एकतीस वर्षं काढली, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजा.

660 चा एक संच पूर्ण भारावर चालला तर ढोबळ हिशेबाने दिवसाला नऊ-दहा हजार टन कोळसा खातो. म्हणजे रेल्वेचे अडीच रेक. त्यातला तिसरा हिस्सा राख. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण मे महिन्यात नागपूरचा पारा 46 वर जातो तेव्हा ज्यांचे कूलर चालतात त्यांनी ऐकून घ्यावं.

मॅडम, माझा आक्षेप तर्रीपोहे यांच्यापेक्षा वेगळा आहे. तुम्ही आपल्याच पोरांना आपल्याच देशाविरुद्ध बोलायला शिकवताय. 1992 च्या रिओच्या करारातच लिहिलंय की जबाबदारी सगळ्यांची, पण वाटा ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. आपण माणशी वर्षाला जेमतेम दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस चौदाच्या आसपास. कोपनहेगनच्या कॉपमध्ये 2009 ला श्रीमंत देश म्हणाले, गरीब देशांना हवामानाच्या कामासाठी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर देऊ. त्यांच्याच हिशेबाने ते जमले 2022 ला. मग बाकूच्या कॉपमध्ये 2024 ला 300 अब्जांचा आकडा काढला, तोही 2035 पर्यंतचा, आणि आपल्या प्रतिनिधी चांदनी रैना बोलायच्या आत हातोडा आपटून मंजूर! नंतर त्यांनी उभं राहून त्याला दृष्टिभ्रम म्हटलं ते योग्यच होतं.

आणि 2021 ची ग्लासगोची कॉप. मसुद्यात कोळसा ‘बंद’चा ‘कमी’ केला म्हणून सगळ्या जगानं आपल्या पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादवांकडे बोट दाखवलं. कॉपचे अध्यक्ष आलोक शर्मांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेल आणि गॅस बंद करा असं त्या मसुद्यात कुठं होतं? नाव फक्त कोळशाचं, कारण कोळसा आमच्याकडे आहे. पोरांना आधी हे पाठ होऊ द्या. सौदीची वकिली नंतर.

निळी छत्री

काका, तुम्ही जे लिहिलंत ते मी 2019 मध्ये विदर्भातल्या तीन स्पर्धांत घडाघडा बोलून तीन ढाली आणल्या आहेत. एक घरी आहे, दोन फिरत्या होत्या. म्हणूनच सांगते: वादविवाद हे या कामाचं शिक्षणच नव्हे.

आपल्या स्पर्धेत काय असतं? विषयाच्या बाजूने, विषयाच्या विरुद्ध, सहा मिनिटं, पाचव्याला घंटा. समोरच्याचा मुद्दा खोडला की टाळी. शेवटी शेर किंवा ओवी. परीक्षक तिसऱ्याच कारणाने गुण देतात. कॉपमध्ये मतदानाचे नियम आजवर कधी मंजूरच झालेले नाहीत, म्हणून तिथे सगळं सर्वसंमतीनं चालतं. ज्याला तुम्ही हरवलंत त्याचीच सही तुम्हाला हवी असते! त्याला चारचौघांत उघडा पाडून काय मिळणार?

डर्बानला 2011 मध्ये कॉपची बैठक ठरल्या वेळेच्या पार दीड दिवस पुढे गेली तेव्हा आपल्या त्या वेळच्या पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांचं समन्यायावरचं भाषण गाजलं, मान्य. पण गाडी हलली ती भाषणानं नाही. सभागृहात मध्येच उभ्या उभ्या घोळका झाला, भारत आणि युरोपीय संघ समोरासमोर, आणि ‘कायदेशीर बळ असलेली सहमती’ अशा अर्थाचे चार शब्द सापडले. त्या घोळक्यात वक्तृत्वाचा करंडक मिळवणारा काय करणार होता? मला तर स्पर्धेतून बाहेर पडल्यावर दोन वर्षं लागली समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायला. नवऱ्याला विचारा.

खामल्याची मास्तरीण

छत्री, म्हणूनच तर आम्ही स्पर्धा मोडून परिषद केली! ढाल नव्हती. मसुदा झाला तर सगळे जिंकले, नाही झाला तर सगळे हरले. तुझा राग जुन्या साच्यावर आहे आणि तो मला मान्य आहे.

शिफ्टवाले काका, सौदीची वकिली आधीच करायला हवी, कारण तुमच्या ग्लासगोच्या प्रश्नाचं उत्तर त्याच खुर्चीत बसून कळतं. मसुद्यात तेल का नाही, हे कोराडीच्या त्या दोघांना अर्ध्या तासात उमगलं. तेलाचं नाव निघालं की तेच आडवे पडायचे! ‘जीवाश्म इंधनांपासून दूर जाणे’ असा शब्दप्रयोग यायला 2023 चं दुबई उजाडावं लागलं, आणि तोही कसा सावध आहे ते बघा. देशाची बाजू पाठ करून येत नाही काका, ती ठोकून बघावी लागते.

तर्रीपोहे, तुमचा टोमणा लागला, पण एक ऐका. 2019 मध्ये वानुआतूच्या कॅम्पसवर कायदा शिकणाऱ्या पॅसिफिक बेटांवरच्या 27 विद्यार्थ्यांनी वर्गातल्या चर्चेतून एक कल्पना काढली: हवामानाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. वर्गातच वाद झाले. मग आपल्या सरकारांच्या दारात गेले. मार्च 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तो ठराव सर्वसंमतीनं मंजूर केला आणि जुलै 2025 मध्ये हेगच्या त्याच न्यायालयानं मत दिलं की हवामान सांभाळणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. सुरुवात फळ्यावरून झाली होती.

तर्रीपोहे

वानुआतूचं सरकार त्यांच्या पाठीशी उभं राहिलं म्हणून झालं ते. आणि न्यायालयाचं ते मत सल्ल्यापुरतं, बजावणी कोण करणार? आपल्याकडचा पोट्टा असा अर्ज घेऊन मंत्रालयात गेला तं पहिल्यांदा गेट पासलाच अडकते.

दुसरं. कॉपमध्ये तरुणांचा अधिकृत गट आहे, यंगो म्हणतात. पण निरीक्षक म्हणून. दोन मिनिटं माइक मिळते, फोटो निघते, मसुद्याला हात लावायचा नाही. ज्यांचा पासपोर्ट, व्हिसा, हॉटेल, इंग्रजी सगळं जमलं तेच तिथं पोचतात. संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत हिंदी नाही, मराठीचं तं विचारूच नका. तुमच्या ‘अपेक्षित आहे’चं तिथं काय होणार?

सावनेर एस.टी.

मी ती मुलगी आहे जिला भारत आला होता. मॅडमनी लिंक पाठवली म्हणून लिहिते. मी असं कधी लिहिलेलं नाही, सांभाळून घ्या.

माझे बाबा कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडे आहेत. कायम नाहीत. चिठ्ठीत भारत आल्यावर मला वाटलं सोपं आहे, बाबांसाठी बोलायचं. मी तेच बोलले, शिफ्टवाले काकांचे सगळे मुद्दे, दोन टन आणि चौदा टन. सगळ्यांनी मान डोलावली. मग तुवालूने विचारलं, तुम्हाला पैसे मिळाले तर त्यातले ठेकेदाराच्या माणसाला किती देणार? मला उत्तर देता आलं नाही. माझ्या कागदात ते नव्हतंच. मी गूगल केलं, पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी न्याय्य संक्रमण असे शब्द आहेत. पण ठेकेदाराचा माणूस त्यात येतो की नाही ते कळत नाही.

रात्री घरी बाबांना विचारलं की खाण बंद झाली तर तुम्ही काय मागाल. ते म्हणाले पहिल्यांदा कोणी असं विचारलं. मग जेवण झाल्यावर पुन्हा स्वतःहून म्हणाले, दोन वर्षं आधी सांगा, एवढंच. पैशाचं नंतर बोलले.

तर्रीपोहे दादा, जनसुनावणी 2023 ला झाली तेव्हा मी दहावीत होते. मला माहीतच नव्हतं ती असते. पुढची कधी आहे?

निळी छत्री

दोन वर्षं आधी सांगा. हे कुठल्याही मसुद्यात घालण्यासारखं वाक्य आहे आणि त्याला कंसही लागत नाही.

तरी माझा मुद्दा तसाच आहे, मॅडम. ती हे शिकली ती तुवालूच्या प्रश्नामुळे आणि घरच्या ताटावर. बाकीच्या बावीस जणांनी घरी जाऊन कोणाला काय विचारलं?

जुना शिफ्टवाला

बेटा, आमच्या केंद्रात कायमच्या माणसापेक्षा ठेकेदारीचीच माणसं राखेच्या कामाला असायची. मी एकतीस वर्षांत त्यांच्यातल्या कोणाला हा प्रश्न विचारला नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो.

माझं मत बदललेलं नाही. तारखा आधी श्रीमंतांनी लावाव्यात. मात्र भारताच्या खुर्चीत बसणाऱ्याने 2070 चं नेट झिरो, म्हणजे जेवढं सोडू तेवढं शोषून घेऊ, हे बोलताना 2030 ला सावनेरमध्ये काय चालू असेल तेही सांगावं. ते मलाही सांगता येणार नाही.

तर्रीपोहे, मे 2024 मध्ये आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले होते, आठवतं? देशभर बातमी, मग हवामान खात्यानं सांगितलं सेन्सर बिघडला होता. तुमचा पारा मला थोडा तसाच वाटतो. एकदा प्रत्यक्ष येऊन बसा पोरांमध्ये.

तर्रीपोहे

सेन्सर नीट आहे काका, उन्हात ठेवलाय फक्त.

सावनेरवाल्या पोरी, सुनावणीची जाहिरात पेपरात येते, एक इंग्रजीत, एक मराठीत, किमान तीस दिवस आधी. आतल्या पानावर, बारीक अक्षरात. पर्यावरण आघाताच्या अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत ठेवलेला असते, जाऊन मागायचा. लेखी हरकत दोन प्रतींत द्यायची, एकीवर पोच घ्यायची. पोच नाही दिली तं तिथंच बसून राहायचं. बाबांचं ते दोन वर्षंवालं वाक्य पहिलं लिही. एवढं मी शिकवू शकतो, कॉलेजात बोलावलं तर.

खामल्याची मास्तरीण

बोलावलं. पुढच्या शनिवारी दुसरी फेरी आहे, अकरा वाजता. सकाळी तुम्ही हरकत लिहायला शिकवा, दुपारी परिषद. काका, तुमचा रेकचा हिशेब फळ्यावर लागेल. छत्री, तू अध्यक्ष, हातोडा आमच्याकडे आहे, पण कोणी हात वर केला असेल तर आपटायचा नाही.

देश चिठ्ठीनेच मिळतील. मोठ्यांनाही.

तर्रीपोहे

चालते. अमेरिका निघाली तं मी लगेच करारातून बाहेर पडून पोहे खायला जाईन, आधीच सांगून ठेवतो.

सावनेर एस.टी.

दादा, अमेरिका बाहेर पडायची तरी वर्षभर आधी नोटीस द्यावी लागते. करारात आहे. कलम 28.

तर्रीपोहे

मॅडम, या पोरीला माझ्या समोरच्या बाकावर बसवू नका.