ओपन स्पेसवरचा हॉल आणि महिन्याचे 300

सचिव: नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीच्या ओपन स्पेसवर, म्हणजे मोकळ्या सोडलेल्या जागेवर, हॉल बांधायचा विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेत घेतोय. पत्र्याचं छत, शहाबादी फरशी, दोन संडास, एक अभ्यासिकेची खोली. घरटी महिना 300, तीन वर्षं. 64 घरांचे मिळून 6 लाख 91 हजार होतात. काय वाटतं ते इथं ग्रुपवर बोला.

सी-5: परत वर्गणी? मंग घरपट्टी कशाची भरायलोत आपण? हॉल बांधणं महापालिकेचं काम आहे.

ए-12 काकू: त्यांचं पाणी तरी वेळेवर यायलंय का, हॉल कधी देणार! लेकरं उन्हाळाभर मोबाईल घेऊन लोळतात. भजनाला दर एकादशीला कुणाच्या तरी पार्किंगात बसावं लागतं. गाडी बाहेर काढा म्हणायचं जिवावर येतं.

बी-9: आमदार फंडातून मागू की. फुकटात होईल.

ए-3 सर: मागच्या कॉलनीतला सभामंडप त्याच फंडातला आहे, जाऊन बघा. किल्ली एकाच्या घरी, आत मंडपवाल्याच्या सतरंज्या आणि कढया. लाइट बिल कोण भरणार, झाडणार कोण, हे बांधताना कुणी विचारलंच नव्हतं.

डी-2: धाकटा भाऊ अमेरिकेत कोलोरॅडोत असतो. तिकडं 1992 पासून राज्यघटनेतच आहे, नवा कर लावायचा किंवा दर वाढवायचा तर आधी लोकांचं मत घ्यायचं. उमेदवारांची नावं असतात त्याच मतपत्रिकेवर खाली प्रश्न: अमुक कामासाठी एवढा कर वाढवावा का, हो की नाही. रिक्रिएशन सेंटर, वाचनालय, शाळा, सगळ्यांसाठी अशी मतं पडतात.

सी-5: अन् लोक हो म्हणतात? स्वतःहून कर वाढवून घेतात?

डी-2: कधी हो, कधी नाही. कॅलिफोर्नियात तर 1978 पासून, पालिकेनं ठरावीक कामासाठी कर आणला तर दोन तृतीयांश मतं लागतात. साधं बहुमत मिळूनही प्रस्ताव पडू शकतो.

बी-9: त्यांचं त्यांच्यापाशी. आपल्याकडं चालायचं नाही हे.

ए-3 सर: कामून नाही चालायचं? 72 चा दुष्काळ आपल्या आईबापांनी काढलाय. खडी फोडायची कामं निघाली, त्यातून रोजगार हमी उभी राहिली. तिच्या पैशासाठी 1975 ला व्यवसाय कर आला. पगारातून महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 कापतात ना, वर्षाचे 2500, तोच. शहरातल्या पगारदारानं गावाकडच्या मजुरासाठी दिलेला पैसा. आता पगारपत्रकात नुसतं ‘पीटी’ असतं, कशाचं ते नव्या पोरांना विचारा. घरपट्टीचं बिलही नीट वाचा. सर्वसाधारण कर, वृक्ष कर, शिक्षण कर अशा ओळी आहेत, पण वृक्ष कराचं झाड आपल्या गल्लीत कुठलं, हे कुणी सांगत नाही. माणूस पैशाला तेवढा कुरकुरत नाही, हिशेब दिसत नाही म्हणून कुरकुरतो. शिवाय घरपट्टी ठरवते महापालिकेची सभा, आपल्याला कुणी विचारत नाही. संभाजीनगरात तर 2020 ला मुदत संपल्यावर कितीतरी वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा जाब तरी कुणाला विचारणार?

ए-12 काकू: सर, थेट मतदान आपल्याकडंही होतं. माझ्या माहेरी दारूच्या दुकानावर उभी बाटली-आडवी बाटली झाली होती. आलेल्या बायकांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्यापेक्षा जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात, तेव्हा दुकान बंद. घरोघर जाऊन बायका काढल्या होत्या, बाळंतीण सुद्धा आली.

ए-3 सर: हे घ्या! मी म्हणतो तसंच करा. सभेला आलेल्या 20 जणांत नको, 64 पैकी निदान 33 घरांची संमती हवी. ठरावात मुदत लिहा, 36 महिने म्हणजे 36 महिने, 37 व्याला आपोआप बंद. पैसे वेगळ्या खात्यात. आणि बांधल्यावर दरमहा काय लागेल ते आत्ताच लिहा, नाहीतर आपल्याही हॉलात सतरंज्या.

बी-14: आम्ही भाडेकरू. खेळणार आमचीच लेकरं जास्त. आम्हाला मत आहे का?

डी-2: तिकडं आहे हो. घर भाड्याचं असलं तरी यादीत नाव असलेला मत देतो.

सचिव: आपल्याकडं मत सभासदालाच, एका सभासदाला एकच. घरमालकाशी बोलून घ्या, त्यांना फोन लावा. आणि इथल्या ग्रुपच्या पोलवर ठराव होत नाही. सभेची नोटीस 14 दिवस आधी काढतो, सोबत अंदाजपत्रक आणि देखभालीचा आकडा लावतो. ओपन स्पेसवर किती बांधकाम चालतं तेही नगररचनेत विचारून येतो, नियमात थोडंच बसतं.

ए-7 आजोबा: माझे गुडघे गेलेत, मी काय बॅडमिंटन खेळणार. पेपर वाचायला खुर्च्या ठेवणार असाल तर माझा हो.

सी-5: माझं विरोधात धरा. पण 33 झाले तर पैसे देईन, मागं नाही हटणार.

सचिव: लिहून घेतलं. सी-5, तुमचा दोन महिन्यांचा मेंटेनन्स राहिलाय. तेवढा टाकता का आज?